ऑफ तास ऑफच राहू द्या

मा. मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि संस्थाचालक,
महाराष्ट्रातील सर्व माध्यमिक शाळा

विषय : ऑफ तास, मधली सुट्टी आणि मे महिन्याची सुट्टी भरून न टाकण्याबाबत

सस्नेह नमस्कार.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी तुम्ही नव्या वर्षाचं वेळापत्रक लावायला बसाल. एकदा ते फळ्याशेजारी चिकटवलं की वर्षभर हलत नाही, म्हणून हे पत्र आधीच लिहिते आहे. गेली चोवीस वर्षं मी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. माझं मागणं नवी वर्गखोली बांधण्याचं नाही, संगणकांचंही नाही. वेळापत्रकात जे थोडे चौकोन अजून रिकामे उरले आहेत, ते तसेच राहू द्या, एवढंच मागते आहे.

मी डोंबिवलीत राहते. इथल्या स्टेशनाशी गणिताचं एक नातं आहे आणि ते डोंबिवलीकरांनाही फारसं माहीत नसतं. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं शिक्षक म्हणून काम केलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर एकदा या स्टेशनवर गाडी बदलत होते. त्या वेळी त्यांना एका विशिष्ट घडणीच्या संख्यांचा अभ्यास करायचं सुचलं. पुढे या संख्यांना त्यांनी नाव दिलं ‘डेम्लो संख्या’, डोंबिवलीवरून. उदाहरणार्थ २५५३. दोन टोकांचे अंक २ आणि ३, त्यांची बेरीज ५, आणि मध्ये ५ च ५. किंवा ४७७७३. यांतल्या काही संख्या तर बघत राहाव्यात अशा देखण्या आहेत. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. पायऱ्या चढाव्यात तसे अंक चढतात आणि तसेच उतरतात.

हे सुचलं तेव्हा त्यांच्यापुढे टेबल नव्हतं, फळा नव्हता. एक गाडी सुटलेली, दुसरी यायची होती. मधल्या वेळात करण्यासारखं काही नव्हतं.

याचा अर्थ स्टेशनवर उभं राहिलं की गणित सुचतं, असा कुणी काढू नये. कापरेकर शाळकरी वयापासून आकड्यांत बुडालेले होते. त्यांनीच म्हटलं आहे की दारुड्याला जशी त्या सुखाच्या अवस्थेत राहण्यासाठी पीत राहावंसं वाटतं, तसं त्यांचं आकड्यांच्या बाबतीत होतं. म्हणजे डोक्यात संख्या घोळत होत्याच. त्या घोळू द्यायला फलाटावरचा तो वेळ मिळाला. मला जे सांगायचं आहे ते या दोन गोष्टींच्या जोडीबद्दल आहे. आधी मन लावून केलेलं काम, आणि त्यानंतर मोकळा वेळ. आपल्या शाळांत पहिली गोष्ट भरपूर आहे. दुसरी आपण एकेक तास करत संपवत आणली आहे.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात एक प्रमेय चाललं होतं : काटकोन त्रिकोणात कर्णावर काढलेली मध्यगा कर्णाच्या निम्मी असते. पुस्तकातल्या सिद्धतेत मध्यगा तेवढीच पुढे वाढवायला सांगतात. मुलं ती पायरी पाठ करतात, पण ‘वाढवायची कशासाठी’ हे बहुतेकांना कळलेलं नसतं. त्या दिवशी मी पुस्तक मिटायला लावलं आणि म्हटलं, तुमचं तुम्ही शोधा. तास संपला, कुणालाच जमलं नाही. एक मुलगी मात्र पार हिरमुसली होती. वहीचं पान खोडून खोडून फाटायला आलं होतं तिचं. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली.

आमच्या शाळेत पाण्याच्या टाकीशेजारी एक जुनं लोखंडी फाटक होतं. आयताकृती चौकट, आणि मजबुतीसाठी तिच्यावर फुलीसारख्या ठोकलेल्या दोन आडव्यातिडव्या पट्ट्या. नळाला ही रांग लागलेली. ती मुलगी बाटली घेऊन रांगेत उभी होती, फाटकाकडे तोंड करून. मी शिक्षक खोलीच्या दारातून तिला बघत होते. ती काही गणिताचा विचार करत असेल असं तिच्या चेहऱ्यावरून मुळीच वाटत नव्हतं. नळाशी तिचा नंबर आला, बाटली भरून वाहायला लागली, मागच्या मुलीनं ढकललं तेव्हा कुठे ती भानावर आली. आणि नळ तसाच चालू सोडून माझ्याकडे धावत आली. “बाई, तो अर्धा आयत आहे! उरलेला अर्धा जोडला की झालं!”

बरोबर होतं. काटकोन त्रिकोण म्हणजे कर्णावर कापलेला अर्धा आयत. दुसरा अर्धा जोडला की मध्यगा दुसऱ्या कर्णाचा अर्धा भाग होऊन बसते. आयताचे कर्ण सारखे असतात आणि एकमेकांना दुभागतात. प्रमेय संपलं. मध्यगा ‘तेवढीच पुढे वाढवायची’ ती याचसाठी. त्या मुलीला हे पंचेचाळीस मिनिटं डोकं लावून दिसलं नव्हतं, आणि रांगेतल्या चार मिनिटांत दिसलं. तास झाला नसता तर ते फाटक तिच्यासाठी नुसतं फाटकच राहिलं असतं. आणि ती रांग नसती तर वहीचं पान खरंच फाटलं असतं.

आंरी प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाच्या बाबतीतही असंच घडलं होतं, १८८० च्या सुमारास. ते तेव्हा काँ या गावी शिकवत होते. ज्या खास गणिती फलनांना (एका संख्येवरून दुसरी संख्या देणाऱ्या नियमांना) त्यांनी पुढे फुक्सियन फंक्शन असं नाव दिलं, त्यांच्यावर त्यांचं काम चालू होतं. अशी फंक्शन असूच शकत नाहीत, हे सिद्ध करायला ते पंधरा दिवस रोज टेबलाशी बसले. मग एका संध्याकाळी काळी कॉफी घेतली, झोप लागेना, आणि रात्रभर कल्पना एकमेकींवर आदळत राहिल्या. सकाळपर्यंत अशी फंक्शन असतात, हेच त्यांना कळून चुकलं होतं. पुढे ते एका भूगर्भशास्त्रीय सहलीला गेले. प्रवासाच्या गडबडीत गणित विसरलेच. कूतांस या गावी ऑम्निबसमध्ये, म्हणजे त्या काळच्या घोड्यांच्या बसमध्ये चढताना पायरीवर पाय ठेवला आणि त्याच क्षणी त्यांना दिसलं की त्यांच्या फंक्शनमागची भूमिती ही शाळेत शिकवतात त्या युक्लिडच्या भूमितीच्या पलीकडची आहे. ते आत बसून सोबत्यांशी चाललेलं बोलणं पुढे चालू करते झाले. ताळा घरी गेल्यावर केला. आणखी एकदा ते दुसऱ्या एका प्रश्नाला कंटाळून समुद्रकाठी जाऊन राहिले, तेव्हा कड्यावरून चालताना त्याचंही उत्तर आलं.

प्वांकारे यांनी १९०८ मध्ये हे सगळं स्वतःच लिहून ठेवलं. त्यांनी सोबत एक गोष्ट बजावून सांगितली आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. अशी अचानक पेटलेली ट्यूब आधीच्या कित्येक दिवसांच्या, वाया गेल्यासारख्या वाटणाऱ्या मेहनतीशिवाय पेटत नाही. ती मेहनत वाया गेलेली नसते. मनाचं यंत्र तिनंच चालू केलेलं असतं.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, बाई, या थोरामोठ्यांच्या गोष्टी झाल्या, पुरावा काय? रास्त प्रश्न आहे. मला सगळ्यात पटलेला प्रयोग जर्मनीतल्या ल्यूबेक इथला आहे, २००४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलेला. लोकांना अंकांच्या ओळी दिल्या होत्या आणि ठरलेल्या नियमांनी एकेक पायरी करत शेवटच्या उत्तराला पोचायचं होतं. त्यात एक चोरवाट लपवलेली होती. ती सापडली की उत्तर दुसऱ्याच पायरीला हाती येत होतं. आधी थोडा सराव करून घेतला, मग काही जण आठ तास झोपले, काही जण तितकाच वेळ जागे राहिले. झोपून उठलेल्या २२ जणांपैकी १३ जणांना चोरवाट सापडली. जागे राहिलेल्यांच्या प्रत्येक गटात २२ पैकी ५ जणांना. झोपेआधी सराव न केलेल्यांना मात्र झोपेचा असा काही फायदा झाला नाही. म्हणजे पुन्हा तेच. आधी काम, मग मुरायला वेळ.

मोकळेपणी भरकटणाऱ्या मनाबद्दलचा एक प्रयोग २०१२ मध्ये गाजला होता. विटेसारख्या साध्या वस्तूचे नवनवे उपयोग सुचवायला सांगून मध्ये १२ मिनिटांची विश्रांती दिली, तर त्या विश्रांतीत सोपं, फारसं लक्ष न मागणारं काम करणाऱ्यांना पुढच्या फेरीत त्याच वस्तूंसाठी सुमारे ४० टक्के जास्त चांगलं सुचलं. अवघड काम करणाऱ्यांना तसं सुचलं नाही. मात्र पुढे इतरांनी हाच प्रयोग करून पाहिला तेव्हा मन भरकटण्याचा असा फायदा दिसला नाही, हेही तुम्हाला सांगितलंच पाहिजे. त्यामुळे एकाच प्रयोगावर मी भिस्त ठेवत नाही. पण अडलेला प्रश्न काही वेळ बाजूला ठेवण्याबद्दलचे ११७ अभ्यास २००९ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा फायदा आहे असंच निघालं. आधी जितका जास्त वेळ प्रश्नाशी झटापट झालेली, तितका तो फायदा मोठा. आणि काही प्रकारच्या प्रश्नांत नुसतं बसण्यापेक्षा हलकंसं काम हाताशी असणं अधिक उपयोगी. पाण्याच्या रांगेत उभं राहणं हे तसंच हलकं काम नव्हे का?

मेंदूच्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट दाखवली आहे. आपल्या शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण शरीराची २० टक्के ऊर्जा तो एकटा खातो. आणि आपण काही न करता बसलो तरी हा खर्च फारसा कमी होत नाही. २००१ मध्ये मार्कस रायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की बाहेरचं काम थांबलं की मेंदूचे काही ठरावीक भाग उलट अधिक कामाला लागतात. खिडकीबाहेर बघत बसलेलं मूल आपल्याला रिकामं दिसतं. त्याच्या डोक्यात मात्र काम चालू असतं. आठवणी, कालचा धडा, परवाचं भांडण, अडलेलं गणित हे सगळं तिथे एकमेकांना भेटत असतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत अशा मुलांना मी किती वेळा “लक्ष कुठंय?” म्हणून उभं केलं आहे! त्यातल्या काहींचं लक्ष नक्की माझ्याच गणितात असणार. आज मला त्याचं वाईट वाटतं.

आता आपल्या शाळांकडे बघू. मी आधी ज्या शाळेत होते तिथे एका वर्षी दहावीचा निकाल थोडा घसरला. पुढच्या जूनमध्ये मधली सुट्टी तीस मिनिटांवरून पंधरा मिनिटांवर आली. उरलेल्या पंधरा मिनिटांत रोज एक सराव चाचणी सुरू झाली. शिक्षक गैरहजर असला की ऑफ तासाला दुसऱ्या विषयाचे शिक्षक येऊन आपला मागे पडलेला पोर्शन ओढायला लागले. शनिवारी दुपारी जादा तास. मे महिन्यात दहावीची व्हेकेशन बॅच, नववीचा पेपर संपल्यावर अवघ्या आठवड्यानं. हे करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. आमचे मुख्याध्यापक सकाळी साडेसहाला शाळेत हजर असत आणि संध्याकाळी शेवटचं मूल जाईपर्यंत थांबत. त्यांच्या कळकळीबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

पण त्या वर्षी मी वर्गात एक बदल बघितला आणि तो मला अजून टोचतो. मुलांनी अवघड प्रश्न विचारणं बंद केलं. चुकीचं का होईना, स्वतःचं काहीतरी करून बघणं थांबलं. अडलं की दोन मिनिटांत हात वर : “बाई, पायऱ्या सांगा ना.” मी पायऱ्या सांगत होते, ती उतरवून घेत होती. उत्तरं येत होती. पण “बाई, मला रात्री सुचलं” असं म्हणत सकाळी दारात उभं राहणारं एकही मूल मला त्या वर्षभरात भेटलं नाही. एरवी दर वर्षी दोन-तीन तरी भेटतातच.

मे महिन्याबद्दल मला विशेष कळवळून सांगायचं आहे. नववीच्या शेवटी मुलांच्या डोक्यात बीजगणित आणि भूमिती अर्धवट शिजलेल्या अवस्थेत असतात. सुट्टीत मूल मामाच्या गावी जातं, आंबे उतरवताना आकडीच्या टोकाकडे बघतं, विहिरीत दगड टाकून आवाज किती वेळानं येतो ते मोजतं, पत्त्यांचे बंगले बांधतं. यातल्या प्रत्येक गोष्टीतून गणित निघेलच असं मी म्हणत नाही. पण वर्षभर शिकलेलं या रिकाम्या दिवसांत मनात खाली बसतं आणि एकमेकांत मिसळतं. मग जूनमध्ये येणारं मूल थोडं मोठं झालेलं असतं. व्हेकेशन बॅचमधून जूनमध्ये आलेली मुलं मी बघितली आहेत. त्यांचे तीन धडे पुढे झालेले असतात, आणि डोळे दमलेले असतात.

तुमची अडचण मला ठाऊक आहे. पालक फोन करतात, “तास वाया गेला, कुणी शिकवलंच नाही.” शेजारच्या शाळेत बारा सराव परीक्षा होतात म्हणून आपल्याकडे चौदा. ऑफ तासाला वर्गात कुणी नसलं की दंगा होतो, बाक मोडतात, मारामाऱ्या होतात, आणि जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून मी वर्ग वाऱ्यावर सोडा असं म्हणत नाही. वर्गात शिक्षक असू द्या. त्यांनी फक्त शिकवू नये. मुलांना वाचू दे, चित्र काढू दे, शेजाऱ्याशी हळू बोलू दे, बाहेर बघत बसू दे. मोबाइल मात्र त्या वेळेत नको. मोबाइल हातात आला की रिकामा वेळ भरून जातो, मनाला भरकटायला जागाच उरत नाही. संध्याकाळी डोंबिवलीच्या फलाटावर माझेच माजी विद्यार्थी दिसतात. गाडी येईपर्यंतच्या दहा मिनिटांत कुणाचीच मान वर नसते.

आणि सोमवारच्या चाचण्या बंद करा, ही हात जोडून विनंती. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं खासगी क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा घेऊ नये असं स्पष्ट लिहिलं आहे. ज्यांच्यावर आपण ऊठसूट टीका करतो त्या क्लासवाल्यांना जे सांगितलं गेलं, ते आपल्या शाळांनी आधी पाळायला हवं. सोमवारी चाचणी असली की रविवार रविवार राहत नाही.

अशा मोकळ्या तासात काय घडतं ते बघायला मागच्या वर्षी मी एक करून पाहिलं. शुक्रवारच्या तासाच्या शेवटी आठवीच्या वर्गाला कापरेकरांची दुसरी गोष्ट दिली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं, आणि वजाबाकी करा. येईल त्या उत्तराला पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आणि ६१७४ ला आलात की तिथेच थांबलात. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत प्रत्येक संख्या इथेच येते. देवळालीच्या शिक्षकानं १९४९ मध्ये मांडलेलं हे ६१७४ आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखलं जातं. मुलांनी आठ-दहा संख्या करून बघितल्या, हसली, तास संपला.

पुढचा तास ऑफ होता. मी वर्गातच मागच्या बाकावर वह्या तपासत बसले. कुणी गप्पा मारत होतं, कुणी डबा उघडला. अर्ध्या तासानंतर खिडकीजवळचा एक मुलगा उठून आला. त्यानं वहीच्या शेवटच्या पानावर तीन अंकी संख्या करून बघितल्या होत्या. ३५२, मग २९७, मग ६९३, मग ५९४, मग ४९५. “बाई, हे ४९५ ला थांबतंय. सगळ्या थांबतात का?” मी त्याला काही सांगितलं नाही. सोमवारी त्याच्या शेजारची मुलगी दोन अंकी करून आली. “बाई, दोन अंकी थांबतच नाही. ९, ८१, ६३, २७, ४५, आणि परत ९. गोल गोल फिरतंय.” पाच अंकी संख्यांचं काय होतं, यावर त्या दोघांचं अजून चाललं आहे. मी त्यांना विचारत नाही, तेच येऊन सांगतील.

हे माझ्या कुठल्याही तासिका नियोजनात नव्हतं.

म्हणून वेळापत्रक लावताना आठवड्यातून एक तरी तास कुणाच्याही नावावर लिहू नका, मधली सुट्टी अर्ध्या तासाची ठेवा, आणि मे महिना मुलांना परत द्या. शिक्षक कमी पडत असतील, आणि त्या मोकळ्या तासाला कोण बसेल हा प्रश्न असेल, तर आमच्या भागातल्या शाळांनी बदली तासांच्या वहीत माझं नाव खुशाल लिहावं. माझ्या शाळेचं अधिवेशन सकाळचं असतं, दुपारी मी मोकळी असते. येऊन मागच्या बाकावर बसेन, शिकवणार नाही.

आपली,
एक गणित शिक्षिका
डोंबिवली